छायाचित्रासाठी प्रिंटर निवडताना

आमच्या शाळेतले शिपाईमामा २०२२ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभाची छायाचित्रे एका सहकाऱ्याने मोबाइलवर काढली, कार्यालयातल्या रंगीत प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापली आणि फाटकाजवळच्या सूचनाफलकावर टाचणीने लावली. पहिल्या महिन्यात कोणाच्या काही लक्षात आले नाही. वर्ष सरले तेव्हा मात्र चित्र पार बदलले होते. मामांचा चेहरा तांबूस, मागचा हिरवा पडदा पिवळट आणि मुलींचे निळे गणवेश चक्क गुलाबी! मूळ फाइल ज्या फोनमध्ये होती तो एव्हाना बिघडून गेला होता. मामांना द्यायची म्हणून छापलेली याच छायाचित्राची दुसरी प्रत पाकिटात घालून कपाटात ठेवली होती आणि द्यायची राहून गेली होती. ती काढून पाहिली, तर जशीच्या तशी.

यंत्र एकच, शाई एकच, कागद एकच, छापण्याचा दिवसही एकच. मग एक प्रत टिकते आणि दुसरी जाते, असे का?

तेव्हापासून कोणी “सर, घरी फोटो छापायला कुठला प्रिंटर घेऊ?” असे विचारले की मला आधी या दोन प्रती आठवतात. दुकानात आपल्याला खोक्यावरचा डीपीआयचा मोठा आकडा दाखवतात. तो आकडा खोटा नसतो, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. ते असते शाईत, कागदात आणि आपण वर्षाकाठी किती छापणार यात. असे का, हे कळण्यासाठी छापलेल्या छायाचित्राकडे थोडे जवळून पाहावे लागेल.

कागदावर रंग येतो कसा?

तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात मिसळला की डोळ्याला सगळे रंग दिसतात, हे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तीन प्रक्षेपकांनी रंगीत फितीचे चित्र दाखवून सिद्ध केले. आपल्या फोनचा पडदा आजही हेच करतो. तो स्वतः प्रकाश देतो.

कागद प्रकाश देत नाही. पांढऱ्या कागदावर खोलीतला पांढरा प्रकाश पडतो आणि परत फिरतो. त्यातला काही भाग वाटेत गिळून टाकणे, एवढेच शाईचे काम. म्हणून प्रिंटरमध्ये तांबडा-हिरवा-निळा नव्हे, तर त्यांचे पूरक रंग लागतात. सायन शाई तांबडा प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा शोषते आणि पिवळी निळा शोषते. निळा गणवेश छापायचा तर सायन आणि मॅजेंटा हव्यात, हिरवा पडदा छापायचा तर सायन आणि पिवळी. तिन्ही एकत्र आल्या की तत्त्वतः काळा रंग मिळायला हवा, प्रत्यक्षात मिळतो तो मळकट तपकिरी. त्यासाठी चौथी काळी शाई असते.

आता फलकावरच्या छायाचित्राकडे पुन्हा पाहा. निळ्याचा गुलाबी झाला, हिरव्याचा पिवळा झाला, सगळ्यावर तांबूस झाक आली. निळ्यातून काय काढले म्हणजे गुलाबी उरेल? सायन. हिरव्यातून काय काढले म्हणजे पिवळा उरेल? सायनच. म्हणजे तिन्ही रंग सारखे उडाले नव्हते, एकटी सायन शाई निघून गेली होती आणि तांबडा प्रकाश अडवणारे कोणी उरले नव्हते. नववीच्या वर्गात हा प्रश्न घातला तर मुले पाच मिनिटांत चोर पकडतात. सायनच का गेली, हे मात्र पाच मिनिटांचे काम नाही. त्याकडे पुढे येऊ.

डीपीआयचा आकडा

निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके जेमतेम वेगळे ओळखता येतात. छायाचित्र आपण साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो. या अंतरावर एक कला म्हणजे ३० सेंटिमीटर भागिले ३४३८, अर्थात सुमारे ०.०८७ मिलिमीटर. एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, असे २९१ ठिपके मावतात. छायाचित्रासाठी इंचाला ३०० चित्रबिंदू पुरेत, असे जे सगळीकडे सांगितले जाते त्याचे मूळ डोळ्याच्या या मर्यादेत आहे.

त्या हिशेबाने ४ × ६ इंची प्रतीला १२०० × १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार चित्रबिंदू पुरतात, आणि ए-४ पानाला सुमारे ८७ लाख. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही एक कोटी वीस लाखांचे चित्र काढतो. तेव्हा कमतरता कॅमेऱ्याची नसते. मात्र तेच चित्र संदेशाच्या ॲपवरून चार जणांच्या फोनमधून फिरून आले की लहान होऊन येते. १६०० × १२०० बिंदूंचे चित्र ए-४ वर ताणले तर इंचाला जेमतेम १४० बिंदू पडतात, आणि मग दोष प्रिंटरला जातो. छापण्यापूर्वी फाइलचे मोजमाप पाहण्याची सवय लावून घ्यावी.

मग खोक्यावर ४८०० × १२०० असे का लिहिलेले असते? कारण चित्रबिंदू आणि शाईचा ठिपका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावरचा एक बिंदू शेकडो छटा दाखवू शकतो. शाईचा ठिपका एक तर पडतो किंवा पडत नाही, त्याला फिका होता येत नाही. (काही यंत्रे लहान-मोठे दोन-तीन आकारांचे थेंब टाकू शकतात, एवढीच सवलत.) फिकी छटा हवी तर ठिपके विरळ टाकायचे आणि उरलेले काम वाचकाच्या डोळ्यावर सोपवायचे. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले की दिसते ते हेच. इंचाला ४८०० × १२०० जागा असतील, तर ३०० च्या हिशेबाने एका चित्रबिंदूच्या वाट्याला आडव्या १६ आणि उभ्या ४, म्हणजे ६४ जागा येतात. त्यांतल्या किती भरायच्या यावर छटा ठरते. थोडक्यात, ४८०० हा आकडा बारकाव्याचा नसून बऱ्याच अंशी छटांचा आहे.

गालावर, आकाशावर, पांढऱ्या साडीच्या चुण्यांवर ठिपके फार विरळ असतात, आणि तिथेच ते डोळ्याला खुपतात. गालावर वाळू सांडल्यासारखे दिसते. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे थेंब लहान करणे. चांगल्या छायाचित्र-प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब एक-दोन पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. गोलाच्या घनफळाच्या सूत्रात ही किंमत घालून पाहा: एका पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे १२ मायक्रोमीटर येतो. केसाच्या जाडीत असे पाच-सहा थेंब शेजारी शेजारी बसतील. दुसरा उपाय म्हणजे फिक्या शाया वेगळ्या भरणे. नेहमीच्या चार शायांच्या जोडीला फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा. फिक्या शाईचे दाट ठिपके हे गडद शाईच्या विरळ ठिपक्यांपेक्षा केव्हाही मऊ दिसतात. माझ्या मते घरगुती प्रिंटर पाहताना विचारण्याचा पहिला प्रश्न “डीपीआय किती?” हा नसून “शाया किती आणि कोणत्या?” हा आहे. एप्सनच्या एल-८०५० मध्ये वर सांगितलेल्या दोन फिक्या शाया असतात. कॅननच्या जी-५७० मध्ये त्यांऐवजी करडी आणि तांबडी असते. वाटा वेगळ्या, हेतू एकच.

आकड्याच्या मोहातून बाहेर येण्यासाठी एक उदाहरण पुरे आहे. कॅननच्याच सेल्फी मालिकेतले छोटे प्रिंटर (नावाचा स्वतःचे फोटो काढण्याशी संबंध नाही, ते नाव तो शब्द रूढ होण्याआधीचे आहे) फक्त ३०० डीपीआयचे असतात, आणि तरीही त्यांच्या प्रतीवर भिंगाखालीही वाळू दिसत नाही. त्यांत द्रव शाई नसतेच. पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग लावलेली पातळ फीत असते. मागून तापणारे टोक जितके जास्त तापेल तितका जास्त रंग फितीवरून कागदाच्या थरात शिरतो, आणि प्रत्येक बिंदूला प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात. ठिपका स्वतःच फिका होऊ शकत असल्याने ६४ जागांची गरजच पडत नाही. कागद यंत्रातून चार वेळा ये-जा करतो: तीन रंगांसाठी तीन वेळा आणि चौथ्या वेळी वरून पारदर्शक थर देण्यासाठी. वापरून झालेल्या फितीवर आपल्या छायाचित्राच्या उलट्या छटांचे ठसे राहतात. मुलांना ती उजेडात धरून दाखवण्याजोगी असते (आणि कोणाचे खासगी छायाचित्र असेल तर फाडून टाकण्याजोगीही).

थेंब उडतो कसा?

द्रव शाईचा थेंब उडवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत शाईमागची सूक्ष्म तार क्षणार्धात तापते, शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब बाहेर ढकलतो. ही कल्पना कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली अपघाताने सुचली. डाखकामाचे तापलेले टोक शाई भरलेल्या सुईला लागले आणि सुईतून शाई उडाली. अमेरिकेत ह्युलेट-पॅकर्डमध्येही स्वतंत्रपणे हाच शोध लागला आणि १९८४ साली त्यांचा थिंकजेट बाजारात आला. दुसऱ्या पद्धतीत उष्णता नसते. काही स्फटिकांवर विद्युतदाब दिला की ते किंचित वाकतात, आणि त्या वाकण्याने शाई ढकलली जाते. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा दाबविद्युत परिणाम ज्याक आणि प्येर क्यूरी या भावांनी १८८० साली शोधला होता. प्रिंटरमध्ये त्याचा उलट उपयोग केला जातो. एप्सन या पद्धतीचा पुरस्कर्ता. १९९४ साली आलेला त्यांचा ७२० डीपीआयचा रंगीत प्रिंटर त्या काळात नवलाचा वाटला होता.

ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती चांगले छायाचित्र देतात. या वादात मी वेळ घालवणार नाही. दोन्हींचे दुखणे मात्र एकच आहे. शाईची छिद्रे केसाहून बारीक असतात आणि यंत्र पडून राहिले की ती सुकून बुजतात. हे दुखणे खरेदीच्या निर्णयात फार मोठे ठरते.

हळद आणि गेरू

आता त्या सायनकडे वळू. शाया दोन जातींच्या असतात. एकीतला रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो, तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाचे न विरघळणारे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ती पिगमेंट. घरातली उदाहरणे घ्यायची तर पहिली हळदीच्या गोत्राची आणि दुसरी गेरूच्या. पंचावर पडलेला हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण दोन-चार दिवस कडक उन्हात वाळत घातला की फिकट होत नाहीसा होतो. उलट गेरू म्हणजे लोहाची खनिज माती. अजिंठ्याच्या चित्रकारांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी गेरू, पिवळी माती, लाजवर्द असे खनिज रंग वापरले आणि ते आजही ओळखू येतात. अर्थात तिथे लेण्यातला अंधारही मदतीला होता.

यामागचे कारण रेणूंच्या पातळीवर आहे. डायमध्ये प्रत्येक रेणू सुटा आणि उघडा असतो. त्याचा रंग येतो तो एकाआड एक असलेल्या एकेरी व दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. प्रकाशाने किंवा वायूने त्यांतला एक दुवा तोडला की रंग गेला. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकत्र दाटलेले असतात. बाहेरचे मेले तरी आतले शाबूत राहतात. म्हणून डाय चमकदार पण नाजूक, आणि पिगमेंट थोडे संयमी पण चिवट. आजकाल डायच्या शायाही पूर्वीपेक्षा खूप सुधारल्या आहेत हे खरे, पण जातीचा गुण सुटत नाही.

पण सायनच आधी का? तिचे उत्तर देणारी एक घटना २००० साली घडली. एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर त्या वर्षी आले. त्यांच्या छायाचित्रांचा दर्जा वाखाणला गेला, आणि योग्य कागदावर रंग दहा वर्षे टिकेल असे कंपनीने म्हटले होते. प्रत्यक्षात काही ग्राहकांच्या प्रती थोड्याच दिवसांत नारिंगी झाल्या, काहींच्या मात्र चांगल्या राहिल्या. प्रकाशाच्या चाचण्यांत तर शाई उत्तीर्ण झाली होती. शोध घेता गुन्हेगार निघाला हवेतला ओझोन. प्रयोगशाळेत दिव्याखालच्या चाचणीत त्याचा विचारच झालेला नव्हता. सायनसाठी सर्रास वापरले जाणारे तांबेयुक्त थॅलोसायनिन रंग प्रकाशाला चांगले तोंड देतात, पण ओझोनपुढे टिकत नाहीत.

ओझोन उंच वातावरणात आपले रक्षण करतो हे आपण शिकवतो. जमिनीलगत मात्र तो प्रदूषक असतो. वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ऊन यांच्या संगतीत तो तयार होतो. आमचा फलक रस्त्याकडच्या फाटकाजवळ, उघड्यावर, काचेविना. कपाटातल्या पाकिटात ना ऊन, ना वाहती हवा. मामांच्या दोन प्रतींमधला फरक एवढाच होता.

कागद

यात कागदाचाही हात असतो. चकचकीत कागदाच्या वरचा थर दोन प्रकारचा असू शकतो. एकात जिलेटिनसारखा थर असतो. तो शाई पिऊन फुगतो, मग सुकताना रंगाला आत मिटून घेतो. असा कागद सुकायला वेळ घेतो, पाण्याने खराब होतो, पण ओझोनला दूर ठेवतो. दुसऱ्यात सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर असतो. शाई त्यात तत्काळ शिरते, प्रत हातात घेताक्षणी कोरडी असते. ग्राहकाला हेच आवडते, म्हणून बाजारात आज मुख्यतः हाच दिसतो. पण ज्या छिद्रांतून शाई आत जाते त्यांतूनच हवाही जाते. डायची शाई, सच्छिद्र कागद आणि उघडा फलक ही तिन्ही एकत्र आली की काय होते ते आपण पाहिले.

तळाच्या कागदातही फरक असतो. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्त मिळणारा “फोटो पेपर” बहुधा साध्या कागदावर चमक चढवलेला असतो. चांगल्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, त्यामुळे शाईने तो सुरकुतत नाही. कोपरा फाडून पाहावा. स्वस्त कागद सरळ फाटतो, चांगल्याच्या कडेला प्लॅस्टिकचे पापुद्रे ताणलेले दिसतात. छापण्याची बाजू ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओले बोट लावावे. बोट चिकटेल ती बाजू लेपाची.

एक इशारा. हा कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. लेझर प्रिंटर टोनरची पूड तापलेल्या रुळांखाली वितळवून कागदावर चिकटवतो. त्या उष्णतेने शाईच्या कागदाचा लेप वितळून रुळांना चिकटतो आणि दुरुस्ती महागात पडते. रंगीत लेझर प्रिंटर प्रश्नपत्रिका, तक्ते, निमंत्रणे यांसाठी उत्तम आहे. छायाचित्रासाठी घेऊ नये.

मग घ्यावा कोणता?

आधी घेण्याचीच गरज आहे का ते पाहावे. समजा यंत्र २० हजार रुपयांना पडले आणि पाच वर्षांत आपण ५०० प्रती काढल्या. शाई-कागद सोडून नुसत्या यंत्राचेच प्रत्येक प्रतीवर ४० रुपये बसले. ५००० प्रती काढल्या तर चारच रुपये बसतील. आपल्या गावातल्या स्टुडिओचा दर याच्याशी ताडून पाहावा. वर्षातून सहल, स्नेहसंमेलन आणि दिवाळी एवढेच छापणाऱ्याने सरळ स्टुडिओत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक ठिकाणी आजही खरा प्रकाशसंवेदी, चांदीच्या क्षारांचा कागद वापरतात. त्याचे रंग ओझोनला सहज बधत नाहीत.

तरीही घरी छापण्याची हौस आहे, पण छापणे अधूनमधूनच होणार, तर फितीचा छोटा प्रिंटर बरा. त्यात सुकण्यासारखे काही नसते, सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिली प्रत ठीक येते, आणि वरच्या पारदर्शक थरामुळे बोटांचे ठसे व हवा दोन्हींपासून संरक्षण मिळते. मर्यादा दोन आहेत. आकार पोस्टकार्डाएवढा, आणि चित्र कितीही पांढरे असले तरी फीत तेवढीच खर्च होते. फीत आणि कागद जोडीने येतात, त्यामुळे एका प्रतीचा खर्च अगदी पक्का ठरलेला असतो. अंदाजपत्रक करणाऱ्या शिक्षकाला ही सोय वाटेल.

दर आठवड्याला काही ना काही छापले जाणार असेल, विज्ञानप्रदर्शनाचे तक्ते, पक्षी-फुलांची छायाचित्रे, ए-४ आकाराच्या प्रती, तर शाईच्या टाक्यांचा सहा रंगी प्रिंटर घ्यावा. टाक्यांचे प्रिंटर २०१० पासून बाजारात आले आणि त्यांनी शाईचा खर्च पार खाली आणला. सहा रंगांच्या अशा एका प्रिंटरसाठी उत्पादक ७० मिलिलिटरच्या सहा बाटल्यांत ४ × ६ च्या १८०० प्रती होतील असे सांगतो. म्हणजे एका प्रतीला पाव मिलिलिटरही शाई लागत नाही. अडीच पिकोलिटरचा सरासरी थेंब धरला तर पाव मिलिलिटरचे थेंब होतात दहा कोटी! उलट, स्वस्तात मिळणाऱ्या छोट्या कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये जेमतेम काही मिलिलिटर शाई असते, आणि तिन्ही रंग एकाच डबीत असतील तर एक संपला की उरलेले दोन फेकावे लागतात. यंत्र स्वस्त आणि शाई महाग हा व्यवहार छायाचित्रे छापणाऱ्याला परवडत नाही.

चार रंगांचा टाकीचा प्रिंटर घरात आधीच असेल तर तो टाकून देऊ नये. वहीच्या पानावर आणि तक्त्यावर तो छान काम करतो. मात्र त्यातली काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या, अशी रचना आहे का ते माहितीपत्रकात पाहावे. पिगमेंटची काळी चकचकीत कागदात मुरत नाही. त्यामुळे छायाचित्र छापताना यंत्र ती बाजूला ठेवून तीन रंगांतून काळा बनवते, आणि केस व डोळ्यांच्या बाहुल्या तपकिरी-करड्या येतात.

पूर्ण पिगमेंटचे, दहा शायांचे प्रिंटरही आहेत. कॅननचा प्रो-३०० आणि एप्सनचा पी-७०० हे दोन्ही २०२० सालचे. प्रदर्शनात मांडायची छायाचित्रे विकणाऱ्यांसाठी ते योग्य. घरासाठी आणि शाळेसाठी ती चैन आहे.

कोणताही द्रव शाईचा प्रिंटर घेतला तरी आठवड्यातून एकदा एखादे रंगीत पान काढावे, विशेषतः उन्हाळ्याच्या सुटीत. आमच्याकडे मे महिन्यात बंद राहिलेल्या यंत्राची छिद्रे जूनमध्ये मोकळी करताना बरीच शाई वाया गेली. सफाईची आज्ञा दिली की यंत्र शाई ओढून आतल्या स्पंजमध्ये सोडते. तो स्पंज भरला की यंत्र अडून बसते. काही यंत्रांत हा भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतो, खरेदीच्या वेळी हे जरूर विचारावे. बंद करताना भिंतीवरचे बटण न दाबता यंत्रावरचे दाबावे, म्हणजे छिद्रांवर झाकण नीट बसते.

“पडद्यावर छान दिसतो, कागदावर काळवंडतो” ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा पडदा फार प्रखर ठेवलेला असतो, तो निम्म्यावर आणून पाहावे. दुसरी चूक कागदाचा प्रकार न निवडण्याची. चकचकीत कागद घालून संगणकाला मात्र “साधा कागद” सांगितले तर शाईचे प्रमाण चुकते आणि महाग कागद फुकट जातो.

शेवटी वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग. निळे, हिरवे आणि त्वचेचे रंग असलेल्या एकाच छायाचित्राच्या चार प्रती एकाच दिवशी छापाव्यात. पहिली उघड्या खिडकीत टांगावी आणि तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाकावा. दुसरी शेजारीच, पण एक दिवस पूर्ण सुकू देऊन काचेच्या चौकटीत बंद करून ठेवावी. तिसरी अशा जागी टांगावी जिथे हवा खेळते पण उजेड नसतो, उदाहरणार्थ, झडपा असलेल्या माळ्यावर. चौथी पाकिटात घालून कपाटात. जूनमध्ये सुरुवात केली तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चारही शेजारी ठेवून मुलांनी नोंद करावी: कोणता रंग आधी बदलला, प्रकाशाने की हवेने, आणि काचेने कशाला अडवले? प्रतींच्या मागे तारीख, शाई आणि कागदाचे नाव लिहावे, आणि तेही पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब आणि शाई दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात.